खोली भाड्याने देणे आहे

यंदा मृगाच्या तोंडावर आमच्याकडे एकाच आठवड्यात दोन वार्ता आल्या. शेजारच्या बिऱ्हाडातील मुलीची अहेरीच्या बाजूस एका आरोग्य केंद्रात परिचारिका म्हणून नेमणूक झाली. आणि विलायतेस असलेल्या माझ्या भाचीने इंग्लंडच्या पूर्व भागातील एका खेड्यात जागा भाड्याने घेतल्याचे कळविले. जागा लहानच, एक निजण्याची खोली, एक बैठक, स्वयंपाकापुरता कोपरा व न्हाणीघर. शेजारी पेढे वाटले गेले खरे, पण त्याच रात्री त्या घरची आजी आमच्या ओसरीवर येऊन बसली आणि म्हणाली, "मास्तर, पगाराचं राहू द्या. पोरगी राहणार कुठं, ते सांगा."

प्रश्न अगदी मूळचा आहे. पूर्वी आपल्या एकत्र कुटुंबांतून एखादाच मुलगा नोकरीनिमित्त परगावी जाई, आणि तोही बहुधा कोणा आप्ताकडे उतरे. हल्ली मुलगे जातात, मुली जातात, सुनाही जातात; आणि गावोगावी आप्त कोठून असणार? तेव्हा परक्याच्या घरात खोली घेणे हा आता प्रत्येक घराचा विषय झाला आहे. त्याचप्रमाणे ज्यांच्या घरात मुले दूर गेल्यामुळे खोल्या रिकाम्या पडल्या आहेत, त्यांना परक्यास खोली देणे हाही विषय झाला आहे. प्रस्तुत लेखकाने दोन्ही बाजू पाहिल्या आहेत. घेण्याच्या बाजूचे अनुभव सांगताना संकोच वाटत नाही. देण्याच्या बाजूचा एक अनुभव मात्र सांगताना लेखणी अडते. तथापि तोच सांगण्यासाठी हा लेख लिहावयास घेतला आहे.

जुना व्यवहार

आपला 'भाडे' हा शब्द संस्कृत 'भाटक' या शब्दापासून आलेला आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात घरभाड्यास 'अवक्रय' असे म्हटले आहे. हा ग्रंथ शतकानुशतके दृष्टिआड होता. म्हैसूरच्या शामशास्त्री यांनी १९०९ मध्ये तो छापून प्रसिद्ध केला. त्याच्या तिसऱ्या अधिकरणात घरमालक व भाडेकरू यांच्याविषयी जो नियम आहे, तो आजही मननीय आहे. राहू नको असे सांगितल्यावरही जो राहतो तो भाडेकरू आणि भाडे देत असलेल्या माणसास जो हाकलतो तो मालक, असे दोघेही तेथे दंडास पात्र ठरविले आहेत. भाडेकरूच्या हातून दांडगाई, चोरी, स्त्रीविषयक अपराध किंवा जागेचा खोटा उपभोग असे काही घडले असेल, तरच त्यास काढण्याची मोकळीक आहे. उलट, जो आपण होऊन जागा सोडतो त्याने वर्षाच्या भाड्याची शिल्लक भरून जावे, असेही सांगितले आहे. नगररचनेत त्याच ग्रंथकाराने वर्णावर वस्त्या नेमून दिल्या आहेत, हे मी लपवीत नाही. परंतु भाडेकरूस काढण्याची जी कारणे त्याने मोजली, ती सर्व त्या माणसाच्या वर्तनाची आहेत. त्याच्या जन्माचे एकही नाही.

आपल्या भागाचा अलीकडचा इतिहासही थोडक्यात सांगतो. मध्यप्रांत व वऱ्हाडात १९४९ साली घरे भाड्याने देण्याविषयी व भाडे-नियंत्रणाविषयी एक आदेश निघाला. तो ज्या शहरांना लागू होता, तेथे भाडेकरूस घर सोडण्याची नोटीस देण्यापूर्वी मालकास भाडे-नियंत्रकाची परवानगी काढावी लागे. आणि घर रिकामे झाले की जिल्हाधिकाऱ्यास वर्दी द्यावी लागे, म्हणजे ते घर बदलून आलेल्या सरकारी नोकरास नेमून देता येई. पुढे ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा एकच कायदा राज्यात आला आणि विदर्भातील ती जुनी पद्धत संपली. वर्दीची सक्ती गेली. कोणास खोली द्यावी हे पुनश्च सर्वस्वी मालकाच्या मर्जीवर आले.

ज्या घरी भाडे ठाऊक नव्हते

१९८१ च्या पावसाळ्यात मी एटापल्लीच्या बाजूस एका एकशिक्षकी शाळेवर रुजू झालो. गडचिरोली जिल्हा तेव्हा झालेला नव्हता. तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरापासून वेगळा झाला. एस. टी. जेथवर जात होती तेथे उतरून, ट्रंक एका माणसाच्या डोक्यावर देऊन, चिखलातून चालत मी त्या गावी पोहोचलो. गावात भाड्याचे घर नव्हते, कारण कोणी कधी मागितलेच नव्हते. एका माडिया कुटुंबाने आपल्या छपरीची एक बाजू मला दिली. घरधन्याने दोन दिवसांत बांबू चिरून तट्टा विणला, त्यावर माती लिंपली, आणि माझी खोली झाली. महिन्याचे किती द्यावयाचे, असे मी दुभाष्याकरवी विचारले. त्यास प्रश्न कळेना. कळला तेव्हा तो हसला. माझी जात त्याने विचारली नाही. रात्री बाहेर जाताना भीती वाटते काय, एवढे मात्र विचारले व कंदील देऊ केला.

मी त्या घरात राहिलो, पण त्या घरचा झालो नव्हतो. माझी चूल वेगळी, माझा पाण्याचा घडा वेगळा. त्यास कोणाचा हात लागू नये म्हणून तो मी आतल्या बाजूस ठेवी. भाद्रपदात मला हिवताप आला. तीन दिवस मी उठू शकलो नाही. चौथ्या दिवशी घरच्या बाईने तांदळाची पेज करून वाटी तोंडाशी धरली आणि मी ती प्यालो. पुढे माझा घडा वेगळा राहिला नाही. त्या घरास भाड्याचे पैसे मी कधीच देऊ शकलो नाही; मुलांना पाटी-पुस्तके दिली, तेवढेच.

उपकाराचे घर

पुढे १९८६ साली आरमोरीच्या बाजूस बदली झाली. हा भाग धानाचा, मोठ्या गावांचा. मालगुजारी १९५१ मध्ये कायद्याने संपली असली, तरी जुन्या घराण्यांस गाव मालगुजार असेच म्हणत असे. अशाच एका वाड्यात मला दोन खोल्या मिळाल्या. भाड्याची गोष्ट काढताच यजमान म्हणाले, "गुरुजींकडून भाडं घ्यायचं? आमचं नाव जाईल." मला धन्यता वाटली. एप्रिलात वार्षिक परीक्षा आली. वाड्यातील एक मुलगा माझ्याच वर्गात होता आणि गणितात कच्चा होता. कोणी मला काही सांगितले नाही. केवळ त्या आठवड्यात दोनदा जेवणाचे बोलावणे आले, आणि यजमानांनी बोलता बोलता विचारले, "पोराचं बरं आहे ना?" मी मुलास नापास केले, परंतु रात्रभर मला झोप आली नाही. दुसऱ्या महिन्यापासून मी हट्टाने चाळीस रुपये भाडे देऊ लागलो. यजमान प्रथम रुसले. मग पावती देऊ लागले. आश्चर्य असे की, त्यानंतर आमचा स्नेह वाढला.

माडिया घराचे आतिथ्य निराळे. तेथे देणाऱ्याच्या मनात घेण्याचा विचारच नव्हता. वाड्यातील उपकारास मात्र हिशेबाची वही होती, ती फक्त उघडी नव्हती. तेव्हापासून माझे मत झाले की, नोकरीवरच्या माणसाने, विशेषतः ज्याच्या हाती निकाल, दाखला किंवा औषध आहे त्याने, फुकटच्या घरात राहू नये. भाडे हे ओझे नव्हे; ते मान ताठ ठेवण्याचे साधन आहे.

पाटी

आता तो अनुभव. १९८८ साली मी चंद्रपुरास आलो. आमच्या वडिलांचे घर गावात. मागील अंगाच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. दारावर पाटी होती: 'खोली भाड्याने देणे आहे'. आरमोरीकडील शाळेत माझ्याबरोबर असलेल्या एका सहकाऱ्याची त्याच वर्षी चंद्रपुरास बदली झाली. माणूस सज्जन, वाचनाचा षोकी. माझ्या आजारपणात माझा वर्ग सांभाळलेला. त्यांनी मला पत्र घातले की, आपल्याकडे खोल्या आहेत असे कळते, पत्नी व एक मूल एवढेच आम्ही आहोत. ते बौद्ध होते.

पत्र मी वडिलांस वाचून दाखविले. वडिलांनी आडनाव पुन्हा एकदा विचारले. मग म्हणाले, "खोली दिली आहे, असं लिही." मी लिहिले.

वडिलांवर दोष ठेवून मी मोकळा होणार नाही. ते वारले आहेत आणि त्यांच्या काळाच्या मानाने ते वाईट गृहस्थ नव्हते. पत्रावरचे अक्षर माझे होते. मी सव्वीस-सत्तावीस वर्षांचा कमावता मनुष्य होतो, आणि परक्या घरची पेज पिऊन वाचलेला होतो.

दोन महिन्यांनी शिक्षकांच्या एका सभेत ते भेटले. शहराच्या दुसऱ्या टोकास त्यांनी खोली घेतली होती व तेथून सायकलीने शाळेत येत. त्यांनी नमस्कार केला, घरच्यांची विचारपूस केली आणि निघताना म्हणाले, "गुरुजी, तुमच्या दारावरची पाटी अजून तशीच आहे. पावसात भिजेल. काढून ठेवा." त्यांच्या स्वरात राग नव्हता. असता तर मला उत्तर सुचले असते.

पाटी मी त्याच दिवशी काढली. त्यात काही मोठेपणा नव्हता. लाज झाकण्याची ती तऱ्हा होती. नऊ वर्षे त्या खोल्या कोणासही दिल्या नाहीत. वडिलांच्या मागे घरात पुन्हा विषय निघाला, तेव्हा माझी पत्नी म्हणाली, "पाटी लावायची तर येईल त्याच्यासाठी. नाही तर लावूच नये." तेव्हापासून जो प्रथम येईल आणि भाडे, अनामत व मुदत या अटी मान्य करील, त्यास खोली, असा आमच्या घरचा नियम आहे.

बडोदे आणि लंडन

ही काही एका घराची गोष्ट नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातील उच्च शिक्षणानंतर १९१७ साली बडोदे संस्थानच्या नोकरीवर गेले, तेव्हा त्यांस राहावयास जागा मिळेना. एका पारशी उतारघरात ते जात लपवून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक आले व त्यांनी त्यांस तेथून काढले. त्यानंतर त्यांनी आपल्या दोन परिचितांकडे आसरा मागितला. त्यांतील हिंदू परिचिताने सौम्यपणे कळविले की, तुम्ही आलात तर आमचे नोकर निघून जातील. अखेर त्यांस बडोदे सोडावे लागले. तेच आंबेडकर १९२१-२२ मध्ये लंडनला किंग हेन्री रस्त्यावरील १० क्रमांकाच्या घरात राहून अभ्यास करीत होते. महाराष्ट्र शासनाने ते घर २०१५ मध्ये विकत घेऊन तेथे स्मारक केले आहे. ज्यास स्वदेशातील एका राजधानीत खोली मिळाली नाही, त्यास सातासमुद्रापलीकडे मिळाली.

काठीपेक्षा तो 'नोकर निघून जातील' हा सौम्य शब्द मला अधिक ओळखीचा वाटतो. आपल्या घरांतून काठी कधीच निघत नाही. 'खोली आधीच दिली' असे सुवाच्य अक्षरात लिहिलेले पत्र निघते.

यावरून इंग्लंड म्हणजे धर्मराज्य असे कोणी समजू नये. दुसऱ्या महायुद्धानंतर हिंदुस्थान, पाकिस्तान व वेस्ट इंडीजमधून तेथे कामास गेलेल्यांनी घराघरांवर 'काळ्या वर्णाच्या माणसांस जागा नाही' अशा अर्थाच्या पाट्या पाहिल्या. त्यांत आपलीही शिकलेली, सुस्वभावी मुले होती. वंशभेदाविरुद्धचा तेथील १९६५ चा पहिला कायदा घरभाड्यापर्यंत पोहोचतच नव्हता. १९६८ च्या कायद्याने घर नाकारण्यास बंदी केली, आणि सांप्रत तोच दंडक २०१० च्या समानता कायद्यात आहे. विलायतेतील त्या पाट्यांची हकीकत ऐकून आपण संतापतो आणि तो संताप योग्यच आहे. पण आपल्या दारावरची न लिहिलेली पाटी आपल्याला वाचता येत नाही.

भाचीचे घर

भाचीने कळविलेली हकीकत या दृष्टीने बोधप्रद आहे. घर देण्यापूर्वी मालकाच्या मुनिमाने तिच्याकडून पगाराचे कागद, आधीच्या घरमालकाचे शिफारसपत्र व पारपत्र मागितले. भाडेकरूस त्या देशात राहण्याचा हक्क आहे की नाही, हे पाहणे इंग्लंडातील मालकांवर २०१६ पासून बंधनकारक आहे. परक्या चेहऱ्याच्या माणसास याचा जाच अधिक होतो, अशी तक्रारही आहे. अनामत साधारणतः पाच आठवड्यांच्या भाड्याहून अधिक घेता येत नाही, आणि ती मालकाने आपल्या खिशात न ठेवता तीस दिवसांच्या आत सरकारमान्य योजनेत सुरक्षित करावी लागते. ताबा देताना भिंतीवरील ओरखडा व गालिच्यावरील डाग यांचीही यादी होऊन दोघांच्या सह्या झाल्या. खेड्यात गॅसची वाहिनी नसल्याने घर तापविण्यास तेलाची टाकी आहे, आणि बस दिवसातून मोजक्याच वेळा येते. थोडक्यात, अडचणी आपल्याकडच्या खेड्यासारख्याच. मात्र तिला आडनावावरून काही विचारले गेले नाही, आणि जे विचारले गेले ते सर्व कागदावर राहिले.

जाणाऱ्यांसाठी

शेजारच्या मुलीस मी जे सांगितले ते येथे देतो, म्हणजे इतरांच्याही उपयोगी पडेल.

खोली पाहावयास दुपारी जावे. चंद्रपूर-गडचिरोलीकडील उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे सहज जातो; टिनाच्या छपराखाली त्या दिवसांत बसवत नाही. त्यापेक्षा जाड मातीच्या भिंतीचे, कवेलूचे घर दिसावयास साधे असले तरी बरे. शौचकूप घरातच किंवा अंगणाच्या आत असावे. बिबट व वाघ यांचा वावर असलेल्या गावी रात्री बाहेर जावे लागणे हा गैरसोयीचा नव्हे, जिवाचा प्रश्न आहे. पाणी कोठून येते व मे महिन्यात ते राहते काय, हे मालकापेक्षा शेजारणीस विचारावे. खिडक्यांस जाळी बसवावी आणि मच्छरदाणी पहिल्या दिवसापासून वापरावी. राज्यातील हिवतापाचा मोठा भाग गडचिरोलीत आढळत आला आहे. पावसाळ्यात रस्ता तुटतो काय, हेही विचारावे. पर्लकोटा नदीस पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे सर्वश्रुत आहे. आठवडाभराचा शिधा व औषधे घरी असावीत. दाराची कडी आतून नीट लागते ना, हे स्वतः लावून पाहावे.

आणि करार लेखी करावा. मुदत ठरलेली नसेल, तर राहत्या जागेची भाडेपट्टी १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाप्रमाणे महिन्याची समजली जाते व पंधरा दिवसांच्या नोटिशीने संपविता येते. परक्या गावी पंधरा दिवसांत दुसरे घर कोठून मिळणार? म्हणून अकरा महिन्यांचा 'लीव्ह अँड लायसन्स' करार करून तो नोंदवावा. १९९९ चा अधिनियम ज्या क्षेत्रांस लागू आहे, तेथे करार लेखी करून नोंदविण्याची जबाबदारी मालकावर आहे. तो नोंदविला नसेल, तर विरुद्ध सिद्ध होईपर्यंत अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते. खर्चाचा बाऊ करू नये. महिना ३,००० रुपये भाडे धरले, तर अकरा महिन्यांचे ३३,००० होतात. त्यावर पाव टक्का मुद्रांक म्हणजे शंभर रुपयांच्या आत-बाहेर, आणि ग्रामीण भागात नोंदणीचे ५०० रुपये. विजेचे वेगळे मीटर आहे की नाही, अनामत किती व केव्हा परत, रंगरंगोटी कोणाकडे, हे सर्व त्यात लिहावे. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीस पट्ट्याने द्यावयाची, तर जमीन महसूल संहितेच्या ३६-अ कलमान्वये जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, आणि तीही पाच वर्षांपर्यंतच्या पट्ट्यास. राहत्या घरातील एका खोलीची गोष्ट निराळी. तथापि आवार मोठे असेल, तर आधी तलाठ्याकडे चौकशी करावी. ज्याच्या आसऱ्यास आपण जातो, त्याचेच हक्क आपल्या पायाखाली येऊ नयेत.

राहणाऱ्यांसाठी

ही झाली जाणाऱ्यांची तयारी. घरी राहणाऱ्यांनी करावयाची तयारी निराळी आहे. आपली मुलगी उद्या ज्या गावी दार ठोठावील, तेथील घरधनी गोंड असेल, तेलुगू बोलणारा असेल, किंवा मुलचेरा-चामोर्शीकडील बंगाली निर्वासितांच्या वसाहतीतील असेल. त्याने तिचे काम, तिचे वर्तन व तिची भाडे देण्याची ऐपत एवढेच पाहावे, अशी आपली अपेक्षा असते. मग आपल्या दारावर येणाऱ्याकडे आपणही तेवढेच पाहिले पाहिजे. 'आमच्या स्वयंपाकघराचे काय?' असा प्रश्न वडील माणसे विचारतात. ज्यास शाकाहारी भाडेकरूच हवा आहे असे म्हणावयाचे असते, त्याने पुष्कळदा मनात दुसरेच काही म्हटलेले असते. निदान आपल्या मनाशी तरी त्याने ते खरे सांगावे. मागील दाराने जाणे-येणे असलेल्या खोल्यांत कोण काय शिजवितो, याने पुढल्या घरातील देव विटाळल्याचे गेल्या अठ्ठावीस वर्षांत तरी माझ्या पाहण्यात आले नाही.

शेजारच्या मुलीस अहेरीजवळ खोली मिळाली आहे. घरमालकीण एक विधवा बाई आहे. आजी परवा तेथे जाऊन आली. तिने छप्पर पाहिले, कडी लावून पाहिली आणि करारावर मालकिणीची सही घेतली. परत आल्यावर म्हणाली, "बाई चांगली आहे. जातीची कोण ते विचारायचं राहूनच गेलं." मी म्हटले, "तिनं तुमची विचारली का?" आजी थोडा वेळ विचार करीत बसली आणि म्हणाली, "नाही हो."

आमच्या मागल्या खोल्यांतील भाडेकरू पुढल्या महिन्यात बदलून जात आहेत. पाटी धुऊन, पुसून ठेवली आहे. भाडे, अनामत आणि मुदत तिच्यावर लिहिली आहे.